भांडायला जागा

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंत (१९६०) ही परंपरा सलग दाखवता येते. पाठ्यपुस्तकांत या प्रकाराचे उतारे असतात आणि परीक्षेत त्याची वैशिष्ट्ये विचारली जातात. मात्र परमुलखात जाऊन राहणे हा अनुभव या प्रकारात नीटसा मावत नाही. तिथे भाड्याचे घर घ्यावे लागते, कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा ते शिकावे लागते, दाराच्या घंटीवर आपले नाव कोणत्या लिपीत लिहावे याचा निर्णय करावा लागतो. प्रवासी पाहतो, तर राहणाऱ्याला वापरावे लागते. प्रवाशाला परतीचा दिवस ठाऊक असतो, त्यामुळे झालेली गैरसोय त्याला गमतीची वाटते आणि तिचा तो विनोद करू शकतो. राहणाऱ्याला तीच गैरसोय उद्याही असणार असते.

भाषेने या स्थितीसाठी शब्द मात्र पुष्कळ करून ठेवले आहेत. माणूस रुळतो, सरावतो, त्याचे बस्तान बसते, नव्या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडतात. जो यांतले काहीच साधू शकत नाही तो उपरा राहतो. ‘परदेश’ हा शब्दही आपल्याकडे पासपोर्टाहून जुना आहे. पेशवाईत उत्तरेकडून आलेल्या शिपायांना परदेशी म्हणत, आणि त्यांच्या वंशजांपैकी अनेकांचे आजही तेच आडनाव आहे. आठ पिढ्या महाराष्ट्रात काढलेल्या घराच्या पाटीवर ‘परदेशी’ असे लिहिलेले असते आणि त्यात कोणालाच काही खटकत नाही. रुळणे कधी पूर्ण होते, हा प्रश्न त्या पाटीने न बोलता विचारून ठेवला आहे. या लेखात आम्हांला त्याच प्रश्नाचा थोडा विचार करायचा आहे. त्यासाठी आमचा स्वतःचा अनुभव मध्ये आणावा लागेल, कारण या प्रश्नाचे जे उत्तर आम्हांला सुचले ते पुस्तकातून आलेले नाही. मुळशी तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या प्रश्नातून ते आले.

आम्ही दोघेही याच तालुक्यातले. हिंजवडी प्रशासनाच्या नकाशावर मुळशीतच येते, त्यामुळे ज्या कचेरीतून आम्ही जर्मनीला गेलो ती आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर होती. गाव आणि कचेरी यांच्यातले खरे अंतर वेगळे होते, पण तो वेगळा विषय. आम्ही श्टुटगार्टमध्ये सहा वर्षे राहिलो. हे शहर १९६८पासून मुंबईचे जोडशहर आहे, हे आम्हांला तिथे गेल्यावर कळले. त्या नात्याचा आम्हांला काही उपयोग झाला नाही.

पहिल्या वर्षी शिकलेल्या गोष्टींची यादी केली तर ती हास्यास्पद वाटेल. नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात नाव नोंदवायचे. टपालपेटीवर आडनाव लावायचे, कारण पत्त्यात सदनिकेचा क्रमांक नसतो आणि इमारतीत आल्यावर पोस्टमन केवळ नावावरून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून दूध शनिवारी आणायचे. पाण्याची रिकामी बाटली फेकायची नाही, ती दुकानातल्या यंत्रात घालून पंचवीस सेंट परत घ्यायचे. कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी येते आणि तिचा खर्च भाडेकरूच्या माथी बसतो. श्वाबेन प्रांतात भेटल्यावर जे अभिवादन करतात ते आमच्या पुस्तकातले नव्हते. त्यात देवाचे नाव होते, आणि ते ऐकून आम्हांला गावाकडच्या ‘राम राम’ची आठवण झाली.

यातले काहीही अवघड नव्हते. अवघड होते ते दुसरेच. मराठीत आम्ही बऱ्यापैकी हजरजबाबी माणसे आहोत असा आमचा समज होता आणि मित्रांनी तो मोडला नव्हता. जर्मनमध्ये आम्ही सात वर्षांच्या मुलाएवढे बोलत होतो. सात वर्षांच्या मुलाला भूक लागली हे सांगता येते, आभार मानता येतात, क्षमा मागता येते. त्याला टोमणा मारता येत नाही, शंका घेता येत नाही, ‘तुमचे म्हणणे एका अर्थी बरोबर असले तरी’ अशी सुरुवात करता येत नाही. भाषा अपुरी असली की माणूस आपोआप सज्जन होतो. आमच्या सौजन्याची इमारतीत वाखाणणी होत असे. ते सौजन्य बरेचसे विभक्तिप्रत्ययांच्या अज्ञानातून आलेले होते.

अशा वेळी वाचलेली पुस्तके वेगळी दिसू लागतात. आनंदीबाई जोशी १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष संपून थोडेच दिवस झाले होते. त्यांच्या आयुष्याविषयी आपण बोलतो ते पहिली स्त्री डॉक्टर, १८८६ची पदवी, १८८७च्या फेब्रुवारीतला अकाली मृत्यू या क्रमाने. काशीबाई कानिटकरांच्या चरित्रातून त्यांचा पत्रव्यवहार आपल्यापर्यंत पोचला आहे. तो परदेशात राहिल्यावर पुन्हा वाचला तेव्हा आमचे लक्ष दुसरीकडेच गेले. फिलाडेल्फियातल्या खोलीत शेगडी पेटवली तर धूर कोंडे आणि विझवली तर थंडी सोसावी लागे. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथली हवा तशी नाही, म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसायची त्यांनी ठरवले, आणि हा बदलही पतीला पत्राने कळवून समजावून सांगावा लागला. शाकाहार त्यांनी सोडला नाही. गोपाळरावांची पत्रे संशयाने आणि टोचून बोलण्याने भरलेली असत, आणि त्यांना उत्तरे द्यायची ती दिवसभर परक्या भाषेत शरीरशास्त्र शिकून आल्यावर. अमेरिकेत त्या ज्यांच्याकडे प्रथम उतरल्या त्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. तिथल्या कोणाशी त्यांनी उघड वाद घातल्याचे आमच्या वाचनात आले नाही. त्यांचा वाद होता तो घराशी, आणि घर समुद्रापलीकडे होते.

त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या, सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकल्या आणि त्यांनी शिकवलेही. त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना रमाबाई आपुलकीने ‘आजीबाई’ म्हणत त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेली त्यांची वादावादी त्यात सविस्तर आहे. वाद खाण्यावरून आहे. रमाबाईंनी मांसाहार न करणे हा जेराल्डीन यांना जातीचा शिल्लक राहिलेला अहंकार वाटतो, आणि रमाबाई ते मान्य करत नाहीत. वाद क्रुसावर कोणत्या भाषेतली अक्षरे असावीत यावरूनही आहे. लॅटिनपेक्षा संस्कृत आपल्याला जवळची, असे रमाबाई सांगतात. वाद श्रद्धेच्या गाभ्यावरून आहे, आणि आपण एका माणसाच्या आज्ञेत राहायला धर्म बदललेला नाही हेही त्या सांगतात. ज्या घरी आसरा घेतला त्याच घराशी त्या इतक्या निर्धास्तपणे भांडतात की वाचताना आपणच थोडे संकोचतो.

विद्यार्थ्यांना या दोघींची तुलना करायला सांगितली की उत्तर ठरलेले येते. एक सोशिक, दुसरी बंडखोर. आम्हांला वाटते की स्वभावाचा हा निवाडा अपुरा आहे. रमाबाईंनी इंग्लंडात ज्या बाईला आजी म्हटले तिच्याशी भांडण करून त्या तिथे राहिल्या, पाहुण्या म्हणून उरल्या नाहीत. पुढे अमेरिकेतल्या जवळजवळ तीन वर्षांवर त्यांनी १८८९मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याच्या नावात ‘लोकस्थिती’ हा शब्द ‘प्रवासवृत्ता’च्या आधी येतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. हे सगळे आम्ही आज इतक्या व्यवस्थित मांडत आहोत. त्या काळात यातले काहीच आमच्या ध्यानात आले नव्हते. ते ध्यानात आणून दिले आमच्या आईने.

आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसऱ्याची सासू. ती दुसऱ्या उन्हाळ्यात श्टुटगार्टला आली. पाहुण्यांच्या व्हिसावर नव्वद दिवस राहता येते, ते सगळे नव्वद दिवस ती राहिली. तिच्याविषयी आम्ही सहा महिने आधीपासून चिंतेत होतो. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे, आयुष्य पौडच्या आसपासच्या चार गावांत गेलेले, विमान पहिल्यांदाच. ती कंटाळेल, रडेल, एकटी बाहेर पडून हरवेल अशी आमची कल्पना होती.

आमच्या इमारतीत जिना झाडण्याची पाळी असे. श्वाबेनमधली ही जुनी रीत आहे. तिची मुळे पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नेऊन पोचवतात. ज्या घराची पाळी असेल त्याच्या दाराला आठवडाभर एक पाटी अडकवलेली असते. त्या घराने जिना पुसायचा आणि शनिवार संपायच्या आत पाटी पुढच्या दाराला लावायची. लहान पाळी जिन्याची असते, मोठी पाळी अंगण, पदपथ आणि तळघराची. आम्हांला ही पाटी म्हणजे शाळेतली शिक्षा वाटे. सगळी इमारत आपल्या फरशीकडे पाहत आहे असे वाटून आम्ही ते काम रात्री उशिरा उरकत असू. आईने पाटीचा अर्थ एकदा विचारून घेतला. मग म्हणाली, ‘‘म्हंजे देवळाच्या दिव्याची पाळी असती तशी.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जिना पुसला, आणि तो पुसताना खालच्या मजल्यावरच्या वयस्क बाईंना पायरीवर थांबवून, पाय उचलायला लावून, त्यांच्या पायांखालची पायरीही पुसली. त्या बाई आमच्याशी दीड वर्षात हवामानापलीकडे बोलल्या नव्हत्या. आठवड्याने आई त्यांच्याकडे बसून वाटाणे सोलत होती. आई त्यांना आक्का म्हणे. त्या आईला काय म्हणत ते आम्हांला नीट कळले नाही, पण आई त्या हाकेला ओ देई.

आम्ही थक्क झालो आणि थोडे दुखावलोही. आमच्याजवळ भाषेचे प्रमाणपत्र होते. आईजवळ काही नियम होते आणि ते तिने आम्हांला एका संध्याकाळी सांगितले. नव्या गावात गेल्यावर आधी पाण्याची वाट विचारायची, मग देवळाची. पहिले वर्षभर कोणाच्या बांधावर पाय द्यायचा नाही. कोणी काही देऊ केले तर घ्यायचे, नाही म्हणायचे नाही, आणि भांडे परत करताना रिकामे करायचे नाही. आपले सांगायचे नाही, त्यांचे ऐकायचे. आणि कोणी तक्रार केली तर खाली बघायचे. हे नियम तिला कोणी शिकवले, असे आम्ही विचारले. ‘‘आजीनं,’’ ती म्हणाली. ‘‘ती बुडितातली ना.’’

बुडितातली म्हणजे मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली. तिची आजी लहान मुलगी असताना ते गाव उठले. वाचकांपैकी पुष्कळांना मुळशी सत्याग्रह नावाने ठाऊक असेल. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला घेतले. जमिनी सरकारने १८९४च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या, आणि पन्नासाहून अधिक गावांना त्याची झळ पोचणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी तो चालवला, ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा झाली, आणि बापटांना ‘सेनापती’ ही पदवी इथेच मिळाली. १९२४च्या अखेरीस बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि आंदोलन संपले. धरण पूर्ण झाले. पूर्वेला वाहणाऱ्या मुळेचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याकडे वळवण्यात आले, आणि १९२७पासून त्यावर तयार होणारी वीज मुंबईला जाऊ लागली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा साक्षेपी इतिहास लिहिला आहे. त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या (२००९) नावातच हे जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन असल्याचे म्हटले आहे.

या इतिहासातला एक तपशील आम्हांला परदेशात असताना विशेष वाटला. बापट स्वतः १९०४मध्ये शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेले होते. तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्याविरुद्ध भाषण केले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. म्हणजे नव्या देशात खाली बघायचे हा नियम त्यांनी पाळला नाही. सतरा वर्षांनी ते मुळशीच्या लोकांबरोबर उभे राहिले, तेव्हा ज्यांच्या बाजूने ते भांडत होते ती माणसे आपल्याच बांधावर उभी होती. आपल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला भांडता येते. ती हरल्यानंतर काय झाले ते इतिहासाच्या पुस्तकात फारसे नाही, कारण त्यानंतर आवाज झाला नाही. उठलेली माणसे खोऱ्यात खाली आली, नातेवाइकांच्या आसऱ्याने राहिली, दुसऱ्यांच्या शेतांवर राबली. सरकारी नकाशात त्यांनी देश सोडला नव्हता, तालुकाही सोडला नव्हता. तरीही पाण्याची वाट विचारण्यापासून त्यांना सगळे पुन्हा शिकावे लागले. आईच्या घरातल्या आठवणीप्रमाणे, तिच्या आजीला त्या गावात ‘धरणातली’ म्हणत. ती मेली तेव्हाही धरणातली म्हातारी गेली असेच लोक म्हणाले.

त्या रात्री आम्हांला आईच्या कौशल्याचा अर्थ वेगळा लागू लागला. आठ दिवसांत रुळण्याची ती कला म्हणजे न रुळण्याची मुभाच ज्यांना कधी मिळाली नाही अशा माणसांचा वारसा होता. आपण ज्याला जुळवून घेणे म्हणतो आणि ज्याचे कौतुक करतो त्यात किती भाग शहाणपणाचा आणि किती भाग धाकाचा, हे बाहेरून दिसत नाही.

स्थलांतराविषयी लिहिताना रोपाची उपमा हटकून येते. आम्ही भाताच्या खोऱ्यातले असल्यामुळे ती आमच्याही जिभेवर होती. राबात वाढवलेले रोप उपटून चिखलात लावतात. मावळात त्याला आवणी म्हणतात. आवणीनंतर काही दिवस रोप पिवळे पडते, मग जीव धरते, आणि जागा बदलल्याशिवाय त्याला ओंबीही चांगली येत नाही. उपमा सुंदर आहे. पण रोप स्वतः उठून जात नाही. त्याला उपटणारा हात कोणाचा, आणि पीक कोणाच्या कणगीत जाते, हे दोन प्रश्न त्या उपमेत विरघळून जातात. आनंदीबाईंना, आम्हांला आणि आईच्या आजीला एकाच उपमेत बसवणे हा सौंदर्याच्या नावाखाली केलेला अन्याय होईल.

आईचा प्रश्न साठाव्या दिवसाच्या सुमारास आला. आम्ही नदीकाठी फिरत होतो. शहर स्वच्छ आहे, माणसे चांगली आहेत, आक्का तर फारच चांगली, असे सगळे सांगून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘पर हितं भांडायचं झालं तर कुणाकडं जायाचं?’’

आम्ही हसलो. ती हसली नाही. गावात पार असतो, चावडी असते, आता ग्रामपंचायत आहे, पौडला तहसील कचेरी आहे. तिथे न्याय मिळतो असे तिचे म्हणणे नव्हते. जायला जागा असते, एवढेच ती म्हणत होती. तिची आजी ज्या गावात आली तिथे पार होता, पण धरणातल्या माणसांनी पारावर चढायला पंचवीस वर्षे लावली. तिच्या मते माणूस गावचा होतो तो लोक त्याला जेवायला बोलावू लागले म्हणजे नव्हे. जेवायला पाहुण्यालाही बोलावतात. तो भांडला आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्याला पाण्यावर येऊ दिले, की तो गावचा.

ही कसोटी आम्ही नंतर पुष्कळ ठिकाणी लावून पाहिली. ताम्हिणी घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो. त्याच्या किनाऱ्यावरच्या गावांतून शतकानुशतके राहिलेले मराठीभाषक बेने इस्राएल १९४८नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तो त्यांच्या श्रद्धेप्रमाणे परदेश नव्हताच, स्वदेश होता. तरी १९५१मध्ये त्यांच्यातल्या काहींनी तिथे धरणे धरले. तक्रारी नोकरीच्या होत्या, घराच्या होत्या, आणि गोऱ्यांना पांढरा पाव व आपल्याला काळा पाव मिळतो अशीही होती. १९५२मध्ये त्यांच्यातल्या शंभरावर माणसांना परत भारतात आणावे लागले. पुढे त्यांतले बरेच जण पुन्हा इस्राएलला गेले. या परत जाण्याला चंचलपणा म्हणणे सोपे आहे. आम्हांला ते तसे वाटत नाही. पुढच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत वंशाची चौकशी लावली, तेव्हा या समाजाने निघून जाण्याऐवजी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. पहिल्या भांडणात त्यांनी परत पाठवा म्हटले आणि दुसऱ्यात इथेच राहून मानाने वागवा म्हटले. दोन्हींच्या मधल्या तेरा वर्षांत ते रुळले होते. रुळल्यामुळे ते गप्प झाले नाहीत, उलट नेमके कोणाशी भांडायचे ते त्यांना कळले.

आमच्या स्वतःच्या भांडणाची गोष्ट याच्यापुढे क्षुल्लक आहे, पण सांगायला हवी. जर्मनीत भाड्याशिवाय तापवणूक, पाणी, जिन्यातला दिवा वगैरेंचा वर्षअखेरीस हिशेब येतो. पहिल्या वर्षीचा हिशेब फुगलेला दिसत होता. आम्ही तो भरला, कारण हरकत घ्यायला लागणारी भाषा आमच्याजवळ नव्हती. दुसऱ्या वर्षीचा हिशेब आई गेल्यानंतर आला. आम्ही भाडेकरूंच्या संघटनेचे सभासद झालो, कागद दाखवले, हिशेबाची बिले पाहायला मागितली आणि चार परिच्छेदांचे पत्र लिहिले. त्यातले तिसरे वाक्य ‘आपले म्हणणे एका अर्थी बरोबर असले तरी’ असे सुरू होत होते. उत्तर यायला दोन महिने लागले आणि रक्कम थोडीशीच कमी झाली. घरमालक त्यानंतर भेटला तेव्हा त्याने प्रथमच आम्हांला आडनावाने हाक मारली आणि तळघरातल्या ओलीबद्दल आमच्याकडे तक्रार केली. आमच्या सौजन्याची वाखाणणी थांबली. त्या हिवाळ्यात प्रथमच आम्हांला घरी आल्यासारखे वाटले.

आता आम्ही परत मुळशीत आहोत, पिरंगुटच्या पुढे. तालुका ओळखू येत नाही इतका बदलला आहे. खुबवलीच्या टेकडीवर १९९७पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. अनेक देशांतली सोळा ते एकोणीस वर्षांची मुले तिथे दोन वर्षे राहतात. लवळ्याला विद्यापीठे झाली आहेत. ही मुले पौडच्या बाजारात केळी घेताना दिसतात, आणि त्यांच्या अडखळत्या मराठीचे सगळ्यांना कौतुक वाटते. ते योग्यच आहे. भाव जास्त सांगितला म्हणून त्यांच्यातली एखादी मुलगी केळीवाल्याशी हुज्जत घालते, तेव्हा आम्हांला अधिक आनंद होतो.

परंतु परदेशातून मुळशीत आलेली माणसे टेकडीवरच आहेत असे नाही. आमच्या वसाहतीच्या फाटकावरचा राखणदार नेपाळचा आहे. तो, त्याची बायको आणि लहान मुलगी जिन्याखालच्या एका खोलीत राहतात. ती बाई येऊन दीड वर्ष झाले. पहिले वर्षभर ती खाली बघूनच असे. गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावरून तिचे आणि आईचे भांडण झाले. आईने बादली मध्ये घातली, पाळी आपली होती, मावशींची नव्हती, असे तिचे म्हणणे होते, आणि ते तिने मराठीत, चुकीच्या लिंगांसकट, अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात मांडले. आईने बादली काढली. वर येऊन ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘‘रुळली आता.’’

आम्हांला इतक्यावर समाधान मानता येत नाही. त्या बाईला आईशी भांडता येते, कारण आईला तिने मावशी म्हटले आहे आणि आईला ती कसोटी घरातून मिळाली आहे. तिच्या नवऱ्याचा पगार मात्र बारा तासांच्या पाळीला तोच आहे, सुट्टीचा हिशेब कोणी लिहून ठेवत नाही, आणि याविषयी कोणाकडे जायचे हे त्याला ठाऊक नाही. दर महिन्याच्या बैठकीला तो चहा घेऊन येतो. सभासद आम्हीही आहोत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर त्याच्या कामाच्या तासांचा विषय घ्यावा आणि त्या विषयापुरते त्यालाही बसायला बोलवावे, असे पत्र आम्ही दोघांच्या सहीने दिले आहे. सचिवांनी पत्र ठेवून घेतले. खुर्च्या मोजक्याच आहेत, असे ते म्हणाले.